कानदुखी आणि औषधांचे दुकान

कानदुखी पुष्कळदा रात्रीच उठते. त्या वेळी दवाखाने बंद झालेले असतात आणि औषधांचे दुकान तेवढे उघडे असते. नाशिक असो की इंदूर, तेथील संभाषण ठरलेलेच: “भाऊ, पोराच्या कानात घालायला काहीतरी द्या.” दोन मिनिटांत एक चिमुकली बाटली हाती पडते. विक्रेत्याचा हेतू वाईट नसतो. बहुधा त्याला त्या मुलाची कणवच आलेली असते. परंतु ज्या कानासाठी औषध दिले, त्या कानात कोणीही डोकावून पाहिलेले नसते.

खरी अडचण आहे ती येथेच. सर्दीनंतर मुलाचा कान ठणकू लागला, तर दुखणे बहुधा पडद्याच्या आत, मध्यकर्णात असते. नाकाच्या मागील भागापासून मध्यकर्णाकडे जाणारी नलिका लहान मुलांत आखूड आणि आडवी असल्यामुळे संसर्ग तेथवर सहज पोहोचतो. पावसाळ्यात कानाला खाज सुटली आणि पाळी ओढताच कळ आली, तर दोष बाहेरच्या नळीत असून तो बुरशीचाही असू शकतो. कधी कान अगदी निर्दोष असतो. किडलेल्या दाढेची कळ तेथे जाणवते, इतकेच.

मध्यकर्ण सुजला असता पडदा शाबूत असेल, तर जंतुनाशक थेंब पलीकडे पोहोचतच नाहीत. पडदा फाटला असेल, तर ते नको इतके आत पोहोचतात. निओमायसिन किंवा जेंटामायसिन असलेल्या थेंबांनी अशा वेळी श्रवणशक्तीस अपाय होण्याचा धोका असतो. बुरशीवर स्टिरॉइडयुक्त थेंब पडले, तर ती अधिकच फोफावते. शिवाय, पू वाहू लागताच आतला दाब मोकळा होऊन वेदना एकाएकी उतरते. घरची माणसे म्हणतात, ‘थेंबांचा गुण आला’. वास्तविक तेव्हा पडदा फाटलेला असतो. लसूण घालून कढवलेल्या तेलाची कीर्तीही पुष्कळ अंशी अशाच योगायोगांवर उभी असावी.

आपल्याकडील कायद्याने हे ओळखले आहे. १९४५ च्या औषध नियमांतील ‘एच’ परिशिष्टातील औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. बाहेरून लावावयाच्या पुष्कळशा औषधांना त्यात सूट आहे. डोळा, कान व नाक यांच्या औषधांना मात्र ती मुद्दाम नाकारलेली आहे. नियम इतका स्पष्ट असूनही व्यवहारात तो दुकानाच्या उंबरठ्यावरच थांबतो, कारण रात्री नऊ वाजता चिठ्ठी आणावयाची कोठून, या प्रश्नाचे उत्तर नियमात नाही.

इंग्लंडने या प्रश्नाला निराळ्या बाजूने हात घातला. ३१ जानेवारी २०२४ पासून तेथील औषधविक्रेत्यांना सात किरकोळ आजारांवर डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून उपचार करण्याची सोय झाली. त्यांत १ ते १७ वर्षे वयाच्या मुलांच्या मध्यकर्णाची सूज येते. मात्र त्यासाठी विक्रेत्याने शिक्षण घेऊन कानात प्रकाश टाकून पाहण्याचे उपकरण वापरावे लागते. हे दुखणे बहुधा तीनएक दिवसांत आपोआप ओसरते. म्हणून सौम्य दुखण्यास वेदनाशामकच पुरते. पडदा शाबूत असेल, तर बधिर करणारे थेंब मिळतात. अमॉक्सिसिलिन पाच दिवस देतात, पण ते ठरावीक लक्षणे असली तरच. अधिकार वाढविला, तो पाहण्याची अट घालून.

आपल्या दुकानदारालाही नियमात राहून करण्याजोगे काम आहे. मुलाचे वजन विचारून पॅरासिटामॉलची योग्य मात्रा सांगणे. कानात तेल किंवा काडी घालू नये, असे बजावणे. चिठ्ठीचे थेंब असतील, तर बाटली तळहातात धरून कोमट करावयास सांगणे, कारण गार थेंबांनी भोवळ येते. कानामागे सूज असेल, चेहरा एका बाजूस वाकडा दिसत असेल किंवा मान आखडली असेल, तर औषध देत न बसता त्याच रात्री मुलाला रुग्णालयात धाडणे.