मुंबईच्या गोदींतील ‘त्रिंकोमाली’

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नांवाचें एक जुनें बंदर आहे. तेथील गोदींत तीन डोलकाठ्यांची एक लढाऊ शिडाची नौका आजही पाण्यावर तरंगत आहे. तिचें नांव ‘त्रिंकोमाली’. ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांत हिच्याइतकी जुनी दुसरी नाहीं. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ वयानें वडील खरी. पण ती १९२२ पासून कोरड्या गोदींत टेकून उभी आहे. मान ब्रिटनचा, नौका मात्र आपल्या मुंबईची! १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती मुंबईच्या गोदींतून प्रथम पाण्यावर आली. दोनशें वर्षांहून अधिक काळ ती तगली कशी, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

नेपोलियनशीं चाललेल्या दीर्घ युद्धामुळें इंग्लंडांतील ओक वृक्षांची रानें विरळ झालीं होतीं. मोठ्या युद्धनौकेस हजारोंच्या संख्येनें वृक्ष लागत, आणि ओक कांहीं वर्षादोन वर्षांत वाढत नाहीं. आरमारखात्याची दृष्टि मुंबईकडे वळली. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं येथें आले, तेव्हांपासून मुंबईच्या जहाजबांधणीचीं सूत्रें त्यांच्या कुळाकडे होतीं. त्याच कुळांतील जमशेटजी बमनजी यांनीं १८१० सालीं चौऱ्याहत्तर तोफांची ‘मिंडेन’ बांधून दिली. हिंदी कारागिरांविषयीं ज्यांस शंका होती, त्यांस त्या नौकेनें परस्पर उत्तर दिलें.

‘त्रिंकोमाली’ची मागणी १८१२ मध्यें आली. परंतु तिचे नकाशे ज्या ‘जावा’ नांवाच्या नौकेवरून येत होते, ती त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन युद्धनौकेनें लढाईंत जिंकून जाळून टाकली. दुसरे नकाशे येऊन काम सुरू होण्यास १८१६ साल उजाडलें. पारशी रिवाजाप्रमाणें तळाच्या कण्यांत रुप्याचा खिळा ठोकला गेला, आणि मलबारच्या सागाची सुमारें दीडशें फूट लांबीची नौका उभी राहिली. खर्च आला सुमारें २३,००० पौंड. पण वाटर्लूची लढाई १८१५ मध्येंच होऊन गेली होती. ज्या युद्धासाठीं नौका मागविली, तें संपलें. १८१९ मध्यें ती पोर्टस्मथला पोहोंचली, आणि थोड्याच काळांत राखीव जहाजांच्या रांगेंत जाऊन बसली. तेथें ती १८४५ पर्यंत पडून होती!

पंचवीस वर्षें बांधून ठेवलेल्या ओकच्या जहाजाची काय गत झाली असती? ओकच्या लांकडांत एक आम्ल असतें. तें लोखंडी खिळ्यांस खातें. खिळा झिजला कीं सांधा सैल होतो, पाणी झिरपतें, आणि ओल्या लांकडास बुरशी पोखरूं लागते. सागांत आम्लाऐवजीं तेल असतें. त्यामुळें खिळे शाबूत राहतात, बुरशी व कीड सहसा फिरकत नाहीं, आणि मुरलेली फळी उन्हापाण्यानें फारशी फुगतही नाहीं. ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळचें सागवानी कपाट आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. इंग्रज खलाशांना मात्र साग फारसा प्रिय नव्हता. तोफेच्या गोळ्यानें उडालेल्या सागाच्या ढलपीची जखम हटकून चिघळते, अशी त्यांची समजूत होती.

१८४७ मध्यें, कमी पण अधिक मोठ्या अशा २६ तोफा घेऊन, ती अखेर कामगिरीवर निघाली. प्रथम वेस्ट इंडीजच्या समुद्रांत गुलामांच्या व्यापारावर पाळत, पुढें १८५२ ते १८५७ प्रशांत महासागरांत गस्त. मोठी लढाई तिच्या वाट्यास कधींच आली नाहीं. तोंवर वाफेचीं यंत्रें आलीं होतीं. मग मुलांना नाविकविद्या शिकविण्यासाठीं ती निरनिराळ्या बंदरांत उभी राहूं लागली. १८६२ ते १८७७ हीं वर्षें तिनें हार्टलपूललाच काढलीं.

१८९७ सालीं तिला मोडींत काढण्यांत आलें. त्याच वर्षीं जेफ्री व्हीटली कॉब या गृहस्थाची ‘फूद्रॉयां’ नांवाची जुनी नौका वादळांत ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटली. त्यानें ‘त्रिंकोमाली’ विकत घेतली आणि फुटलेल्या नौकेचें नांव हिला दिलें. दुसऱ्याच्या नांवानें ती जवळजवळ नव्वद वर्षें वावरली. पण नांव गेलें तरी जीव वांचला.

पोर्टस्मथला तिच्या शेजारीं ‘इम्प्लॅकेबल’ नांवाची ओकची नौका असे. ही मूळची फ्रेंच. ट्रॅफल्गारच्या रणांत लढलेली, म्हणजे मानमरातबांत हिच्याहून कितीतरी वरचढ. परंतु तिच्या डागडुजीचा खर्च कोणास पेलेना. २ डिसेंबर १९४९ रोजीं, ब्रिटिश व फ्रेंच अशीं दोन्हीं निशाणें फडकत असतां, तिला भर समुद्रांत नेऊन बुडविण्यांत आलें. लढलेली गेली; न लढलेली राहिली.

१९८७ मध्यें मुंबईच्या या नौकेस एका तराफ्यावर चढवून पुन्हां हार्टलपूलला आणलें, आणि तिच्या जीर्णोद्धारास आरंभ झाला. १९९२ मध्यें तिचें मूळ नांव तिला परत मिळालें. काम पुरें होण्यास २००१ साल उजाडलें. डोलकाठ्या, दोर व शिडें नवीं करावीं लागलीं. अंगाचा बराचसा साग मात्र मुंबईंत घातलेलाच निघाला. तिच्याहून जुनी अशी तरंगती युद्धनौका जगांत आज एकच उरली आहे. ती अमेरिकेंत बॉस्टनला असते. तिचें नांव ‘कॉन्स्टिट्यूशन’. ‘त्रिंकोमाली’चे पहिले नकाशे जिनें ‘जावा’बरोबर समुद्रांत घालविले, तीच ही.