पैसे खात्यात, मगच दावं हातात

शेळी-बोकड विकायला आता बाजाराचीच वाट बघावी लागत नाही. मोबाईलवर फोटो टाकला की दुसऱ्या जिल्ह्यातूनही फोन येतो. गावातल्या व्यापाऱ्यापेक्षा भाव चार पैसे जास्त मिळतो, हे खरं. पण बाजारात गिऱ्हाईक समोर उभं असतं, फोनवर नुसता आवाज असतो. म्हणून लांबचं गिऱ्हाईक पारखायचं कसं, ते आज बघू.

पहिली खूण प्रश्नांची. खरा घेणारा खोदून विचारतो: दात किती, वजन किती, पीपीआरची लस टोचली का? चालतानाचा व्हिडिओ मागतो, भावावरून घासाघीस करतो. जो न बघता, भाव न करता "लगेच पैसे पाठवतो" म्हणतो, त्याच्यापासून सावध राहा. "मी लष्करात आहे, ड्युटीवर आहे, माणूस पाठवतो" असं सांगून फसवणारेही पुष्कळ आहेत. गणवेशातला फोटो, ओळखपत्राचा फोटो हा काही पुरावा नव्हे.

आपणही विचारायचं. गाव कोणतं? पाळायला हवा की कापायला? गाडी कुणाची, न्यायला कोण येणार? मग ती माहिती पडताळायची. उमेदचे गट तालुक्या-तालुक्यात आहेत. आपल्या प्रभागसंघातून त्या भागातल्या पशुसखीचा नंबर मिळवा आणि तिला विचारा. उत्तर यायला एक दिवस लागला तरी चालेल. खरं गिऱ्हाईक एक दिवस थांबतं.

आता पैशाचं. ही गोष्ट पाठच करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. "हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील" असं कुणी म्हणालं, की फोन ठेवा. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. दुसरी युक्ती अशी: "चुकून दहा हजार जास्त आले, परत करा" म्हणतात आणि जमा झाल्याचा खोटा मेसेज पाठवतात. मेसेजवर, स्क्रीनशॉटवर विसंबू नका. खात्यातली शिल्लक स्वतः बघा किंवा बँकेत विचारा. चेक दिला तर तो वटेपर्यंत जनावर गोठ्यातच राहील.

विसार घेतला तर कागदावर लिहा: किती घेतला, उरलेले कधी मिळणार, ठरल्या दिवशी नेलं नाही तर काय करायचं.

जनावर दिवसाउजेडी, गटातल्या दोघीतिघींसमोर द्या. वजन समोर करा. गाडीचा नंबर आणि नेणाऱ्याचा फोटो घ्या. पावतीवर दोघांच्या सह्या हव्यात, आणि जनावराच्या कानात बिल्ला असेल तर त्याचा 12 अंकी नंबरही. लांबच्या प्रवासाला पशुवैद्यकाचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवा.

एवढं करूनही फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या नंबरवर फोन करा, बँकेला कळवा, मग पोलीस ठाण्यात जा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.

एका बोकडावर कुणाची शाळेची फी असते, कुणाचा कर्जाचा हप्ता असतो. म्हणून येत्या बैठकीत हे सगळं मोठ्यानं वाचा, आणि फोनवरचा सौदा एकटीनं ठरवायचा नाही, असा ठराव गटाच्या वहीत लिहा.