पाणी उतरल्यावरची दुखणी

सांगलीकराला पुराची भाषा फुटांत कळते. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांपुढे गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांवर पोहोचले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फूट ओलांडून गेले. तिकडे महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला पाऊस कोसळतो. कऱ्हाडला कोयना पोटात घेऊन कृष्णा फुगत येते. खाली हरिपूरजवळ वारणाही भरलेली असली की पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही आणि ते गावभागात, मारुती चौकात शिरते.

पाणी चढत असते तोवर सगळे सावध असतात. दवाखान्यात गर्दी होते ती पाणी उतरल्यानंतर, आठ-पंधरा दिवसांनी. तोवर पाहुणे परत गेलेले असतात, पंचनामे चालू असतात, आणि अंगात आलेली कणकण दगदगीची म्हणून सोडून दिली जाते.

यातला सर्वांत फसवा आजार लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, घुशी, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातील जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि पायाच्या भेगा, खरचटलेली कातडी यांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, समुद्राच्या भरतीने पाणी तुंबले, आणि पुढच्या आठवड्यांत तिथे या आजाराचे अनेक रुग्ण आढळले. आपल्याकडे समुद्र नाही, पण चिखल तोच.

जंतू शिरल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांनी थंडी वाजून ताप येतो. डोके ठणकते, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. असा ताप आल्यास ‘मी पुराच्या चिखलात काम केले होते’ हे वाक्य डॉक्टरांना आपणहून सांगावे. एवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते. वेळेवर औषध मिळाले तर आजार बहुधा बरा होतो. अंगावर काढल्यास कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चिखल काढताना गमबूट घालावेत. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन दिले जाते, पण ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे; गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी परस्पर मुळीच घेऊ नये.

दुसरी गोष्ट विहिरीची. पुराचे पाणी शिरलेली विहीर आधी उपसावी. मग पाण्याचे माप काढावे: विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याला त्यानेच गुणावे, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी ७८५ ने गुणावे. उत्तर लिटरमध्ये येते. व्यास ३ मीटर व पाणी ५ मीटर असेल तर सुमारे ३५,००० लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते, म्हणजे येथे ९० ग्रॅमच्या आसपास. पुरानंतर मात्र जास्त लागते. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी व खालीवर हलवावी. तासाभराने आरोग्यसेवकाकडून ओ. टी. टेस्ट करून घ्यावी. पाणी पिवळसर झाले नाही तर पुन्हा पावडर टाकावी. फोडून महिनोन्‌महिने पडलेल्या पोत्यातील पावडर टाकणे म्हणजे नुसता चुना टाकणे होय. तोवर पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. तुरटीने पाणी नितळ होते, जंतू मरत नाहीत.

साप चावल्यास मांत्रिक नको, दोरी आवळणे नको, चिरा तर नकोच. तो अवयव न हलवता रुग्णाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे.

राहता राहिली ती घरातील वयस्कर मंडळी. घर सोडताना दागिने, कागदपत्रे आठवणीने घेतली जातात आणि बी. पी., मधुमेहाच्या गोळ्या फडताळात राहतात. पावसाळाभर पंधरा दिवसांच्या गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दारापाशी ठेवावी. वीज गेली म्हणून इन्सुलिनची चालू बाटली फेकू नये. सावलीत, गार जागी ती सुमारे चार आठवडे टिकते.