अर्धांगवायूची गोळी आणि आपली जनुकं

लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. अर्धांगवायूचा झटका पुन्हा येऊ नये म्हणून दिली जाणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी म्हणजे तयार औषध नव्हे, कच्चा माल. यकृत हा तिचा रिअ‍ॅक्टर. तिथे सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिच्यापासून खरं औषध बनवतं, आणि मग रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळी होणं कमी होतं.

अडचण अशी की या एन्झाइमच्या जनुकाचा निकामी प्रकार भारतीय उपखंडात खूप पसरलेला आहे. ब्रिटनमधल्या बांगलादेशी-पाकिस्तानी वंशाच्या लोकांच्या अभ्यासात ५७ टक्के जणांकडे त्याची किमान एक प्रत सापडली! अशा शरीरात गोळीचा परिणाम कमी होतो. चीनमध्ये २०२१ साली असा प्रकार असलेल्या ६,४१२ रुग्णांवर चाचणी झाली. तीन महिन्यांत पुन्हा झटका आला तो क्लोपिडोग्रेलवर ७.६ टक्के, तर टिकाग्रेलॉर या दुसऱ्या गोळीवर ६ टक्के जणांना.

इतकी नेहमीची गोळी, आणि तिच्यासाठी जनुक तपासणी क्वचितच होते, हे मला फार खटकतं. रक्ताचा किंवा लाळेचा नमुना पुरतो, आणि जनुक बदलत नसल्यामुळे तपासणी आयुष्यात एकदाच.

घरात कुणाला ही गोळी सुरू असेल तर मनानं बंद करू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारा.