खांडबाऱ्याचा पाऊस आणि संगणकीय शास्त्रज्ञाची अवजारे

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील खांडबारा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील गाव डोंगराळ पट्टा आणि तापीखोऱ्याची सपाटी यांच्या सांध्यावर असल्यामुळे, पावसाचा संगणकावर अभ्यास करणाऱ्याला ते नकाशावरील आकाराच्या मानाने फार मोठी अडचण घालते. पश्चिमेस नवापूरकडे पाऊस भरपूर पडतो आणि पूर्वेस नंदुरबारकडे जाताना तो थोड्याच अंतरात बराच कमी होतो. त्यामुळे या भागासाठी काढलेला कोणताही सरासरी आकडा एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त ठरण्याचा संभव असतो. संगणकीय शास्त्रज्ञ, म्हणजे निसर्गातील प्रक्रियांची गणिती प्रारूपे संगणकावर चालवून त्यांच्या उत्तरांची निरीक्षणांशी तुलना करणारा संशोधक, अशाच आकड्यांवर आपला बहुतेक वेळ घालवतो. महासंगणकाची छायाचित्रे पाहून या कामाची जी कल्पना होते, तिच्यापेक्षा ते पुष्कळच कारकुनी स्वरूपाचे असते, आणि त्याची खरी कसोटीही या कारकुनीतच लागते.

भारतीय हवामानशास्त्र विभाग देशाच्या दैनंदिन पावसाची जी ग्रिड, म्हणजे अक्षांश-रेखांशांवर समान अंतराने आखलेली जाळी, उपलब्ध करून देतो, तिच्यातील दोन बिंदूंमध्ये पाव अंशाचे अंतर असते. ६.५ ते ३८.५ अंश उत्तर आणि ६६.५ ते १०० अंश पूर्व या मर्यादांत तिचे १२९ गुणिले १३५, म्हणजे १७,४१५ बिंदू येतात, आणि खांडबाऱ्याला त्यांपैकी सर्वांत जवळचा बिंदू २१.२५ अंश उत्तर व ७४ अंश पूर्व हा आहे. या बिंदूच्या वाट्याला सुमारे ७०० चौरस किलोमीटरचा प्रदेश येतो, मात्र तिथे पर्जन्यमापक असेलच असे नाही. तेथील आकडा अंतर्वेशनाने, म्हणजे आसपासच्या केंद्रांवरील नोंदींवरून मधल्या जागेचे मूल्य काढण्याच्या रीतीने मिळतो. या रीतीचा पाया डोनाल्ड शेपर्ड यांनी १९६८ मध्ये मांडलेला असून, जवळच्या केंद्राला अधिक आणि दूरच्या केंद्राला कमी भार देणे हे तिचे सूत्र आहे. १९०१ ते २०१० या काळाच्या ग्रिडसाठी ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या, परंतु ही सर्व केंद्रे सर्व वर्षे चालू नव्हती. म्हणून एखाद्या बिंदूवर पाऊस वाढल्याचे दिसले, तर आभाळ बदलले की जवळ नवे केंद्र सुरू झाले, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

या माहितीची द्विमान संचिका, म्हणजे अक्षरांऐवजी केवळ संगणकाला वाचता येणाऱ्या अंकांची फाइल, आपल्याविषयी काहीच सांगत नाही. तिच्यात शीर्षक नसते, एकक नसते, आणि नोंद नसलेल्या जागी उणे ९९९ हा आकडा भरलेला असतो, जो वगळायचा राहिल्यास पावसाची सरासरी ऋण येते. त्यामुळे अनुभवी अभ्यासक पहिल्यांदा फाइलचा आकार पाहतो: प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरल्यास ३६५ दिवसांच्या वर्षाची फाइल २,५४,२५,९०० बाइटची असली पाहिजे, लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइटची, आणि यात एका बाइटचा फरक असला तरी पुढचे काम थांबवणे शहाणपणाचे. त्यानंतर बिंदूचा क्रमांक येतो. हवामान प्रारूपांची जुनी भाषा फोरट्रान मोजणी एकपासून सुरू करते आणि पायथन शून्यापासून. त्यामुळे फोरट्रानच्या हिशेबाने साठावी ओळ व एकतिसावा स्तंभ असलेला खांडबाऱ्याचा बिंदू पायथनमध्ये ५९ आणि ३० या क्रमांकांनी मागावा लागतो. जुने क्रमांक तसेच लिहिले, तर संगणक कोणतीही तक्रार न करता २१.५ अंश उत्तर व ७४.२५ अंश पूर्व येथील, म्हणजे प्रकाशा या गावाजवळच्या तापीकाठचा पाऊस देतो, आणि तो आकडाही पावसाचाच असल्यामुळे सहज खपून जातो.

या विशिष्ट चुकीवर एक्सरे या मुक्त स्रोत साधनाने मोठा उतारा दिला. मुक्त स्रोत म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता आणि बदलता येते असे सॉफ्टवेअर. पायथनमधील आकडेमोडीचा पाया असलेल्या नमपायवर उभे असलेले एक्सरे प्रत्येक अक्षाला नाव देते, त्यामुळे क्रमांकाऐवजी थेट अक्षांश, रेखांश आणि तारीख सांगून मूल्य मागता येते. मात्र त्याची ‘सर्वांत जवळचा बिंदू’ ही सोय, मर्यादा घालून न दिल्यास, कितीही दूरचा बिंदू निमूटपणे परत करते, ही गोष्ट नवख्यांना उशिरा उमगते. हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेले सीडीओ हे त्याहून रूक्ष, पण या क्षेत्रातील लोकांचे लाडके साधन आहे. त्यात चित्रे नाहीत की खिडक्या नाहीत, पण शंभर वर्षांच्या दैनंदिन नोंदींची मासिक बेरीज त्याच्या एका ओळीच्या आज्ञेने होते. बारीक ग्रिडवरील पाऊस जाड ग्रिडवर आणताना पाण्याचे एकूण प्रमाण कायम ठेवणारी रीत निवडायची की शेजारच्या बिंदूंवरून सरळ मूल्य काढणारी, हेही त्यात स्पष्ट सांगावे लागते. पावसासाठी पहिलीच रीत योग्य, कारण दुसरीत पाणी हिशेबातून गळू शकते.

वेळेचा सांधाही असाच फसवा आहे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून १७ ऑगस्टच्या नावावर नोंदलेल्या पावसातील बराच भाग १६ तारखेचा असतो. प्रारूपांचा दिवस मात्र जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री, म्हणजे भारतीय वेळेप्रमाणे पहाटे साडेपाचला बदलतो. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीला आलेल्या आणि नवापूर परिसरात प्राणहानी करणाऱ्या पुरासारखी काही तासांची घटना तपासताना हे तीन तास निर्णायक ठरू शकतात. शिवाय राज्याच्या महसूल यंत्रणेत मंडळात, म्हणजे काही गावांच्या महसुली गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानली जाते, आणि ७०० चौरस किलोमीटरवर पसरलेली सरासरी अशी मर्यादा अनेकदा गाठतच नाही, जरी त्या प्रदेशातील एखाद्या शिवारात ती केव्हाच ओलांडलेली असली तरी.

मोठी प्रारूपे अर्थातच घरच्या संगणकावर चालत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ हे महासंगणक आले. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या गणिती क्रिया. तेथेच विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली भारत पूर्वानुमान प्रणाली ६ किलोमीटरच्या ग्रिडवर चालते, त्यामुळे खांडबारा आणि नंदुरबार आता तिच्या हिशेबात स्पष्टपणे वेगळे पडतात. शास्त्रज्ञाच्या वाट्याला मात्र या सामर्थ्याबरोबर रांगही येते: काम शेड्युलरकडे, म्हणजे यंत्राचा वेळ वाटून देणाऱ्या व्यवस्थापक आज्ञावलीकडे सोपवून वाट पाहायची, आणि फाइलच्या नावातील एका अक्षरामुळे ते पहिल्या मिनिटातच बंद पडले, तर पुन्हा रांगेत लागायचे. या फावल्या वेळात बहुतेक जण आलेख काढतात किंवा आधीचे निकाल पुन्हा तपासतात.

पुन्हा तपासण्याचे हे काम गिटशिवाय आज अशक्यप्राय झाले आहे. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेले हे साधन आज्ञावलीतील प्रत्येक बदल, तो कोणी व केव्हा केला यासह, जपून ठेवते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आलेखामागील नेमकी आज्ञावली शोधून काढता येते. जुपिटर या साधनात आज्ञा, उत्तर आणि टिपण एकाच पानावर राहतात आणि शिकवण्यासाठी ते उत्तम आहे. पण त्यातील आज्ञा कोणत्याही क्रमाने चालवता येत असल्यामुळे अंतिम निकालासाठी त्याच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

मुक्त स्रोत साधने फुकट मिळतात म्हणून ती वापरली जातात, हा समज अपुरा आहे. खांडबाऱ्याच्या एका आकड्यामागे केंद्रांची निवड, अंतराचे भार, ग्रिड बदलण्याची रीत आणि दिवसाची व्याख्या इतके निर्णय दडलेले असतात, आणि त्यांतील निम्मे बंद आज्ञावलीत अडकले, तर तो आकडा विज्ञानाचा न राहता विक्रेत्याच्या शब्दावर मानायचा होतो.

या कामाचा पहिला टप्पा महासंगणक मागत नाही. वर्षाची फाइल जेमतेम २५ मेगाबाइटची असते, वर उल्लेखिलेली सर्व साधने जुन्या लॅपटॉपवरही चालतात, आणि मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने लिनक्ससारख्या मुक्त साधनांचे धडे मराठी आवाजातही उपलब्ध करून दिले आहेत. मंडळ पातळीवरील पावसाच्या नोंदी ‘महावेध’ प्रकल्पाच्या स्वयंचलित केंद्रांमुळे आता होतात. नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल आणि भौतिकशास्त्र विभागांनी आपल्या मंडळाच्या नोंदी आणि ग्रिडवरील आकडे एका पावसाळ्यासाठी शेजारी मांडून पाहावेत. तफावत कोठे व किती पडते हे त्यांच्याइतके जवळून तपासणे दुसऱ्या कोणाला शक्य नाही.