स्वर कोणाच्या हातात? : दृष्टिहीन गायकासाठी संगणकावरचा सिंथेसायझर

आपल्या चळवळीत गाणे हे नुसत्या करमणुकीचे साधन कधीच नव्हते. सत्यशोधक जलशाने जे सुरू केले ते भीमराव कर्डकांच्या पिढीने आंबेडकरी जलशात पुढे नेले आणि वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) ते खेड्यापाड्यांतील वस्त्यांपर्यंत पोचविले. त्या गाण्याची साथ ढोलकी, पेटी, तुणतुणे, झांज यांच्यावर भागत असे. वाद्य आपल्या हातातले होते. तुटले तर गावातच दुरुस्त होई. पुढे कॅसेट आली तेव्हा गायक आपला, श्रोता आपला, पण ध्वनिमुद्रणाची खोली आणि तीतील यंत्रे दुसऱ्याची, अशी विभागणी झाली. आज जुन्या लॅपटॉपवर घरबसल्या सबंध गाणे तयार करता येते. म्हणजे ती खोली पुन्हा आपल्या ताब्यात येऊ शकते. मात्र कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न सुटलेला नाही.

परभणी–परळी लोहमार्गावरचे पोखर्णी हे गाव जिल्ह्याला नृसिंहाच्या देवस्थानामुळे ठाऊक आहे. तेथील आमच्या वस्तीत भीमजयंतीच्या आधी तरुण नवी गाणी बसवू लागतात. त्यांपैकी एकजण पूर्णतः दृष्टिहीन आहे. पेटीवर त्याचा हात तयार आहे, आणि एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर वापरून तो लॅपटॉपही सफाईने चालवितो. त्याने मला विचारले, "सर, गाण्याला भरणा द्यायला कोणता सिंथेसायझर टाकू?" मी मराठी शिकवितो, संगीत नव्हे. तरीही शोध घेतला. तो येथे मांडण्याचे कारण असे की, हा प्रश्न एकट्याचा नाही.

प्रथम सिंथेसायझर म्हणजे काय ते पाहू. एकतारी डोळ्यांसमोर आणा. तार कंप पावते, हा मूळ स्वर. भोपळा त्यातील काही अंश उचलून धरतो आणि काही दाबतो. बोट तार किती जोराने छेडते आणि नाद किती वेळ टिकतो, यावरून त्या स्वराचा स्वभाव ठरतो. संगणकावरच्या सिंथेसायझरात हीच तीन कामे गणिताने होतात. तारेच्या जागी ऑसिलेटर, भोपळ्याच्या जागी फिल्टर, बोटाच्या जागी एन्व्हलप. ज्याला एकतारी कळली त्याला हे यंत्र कळावयास अडचण नाही. यात आधीच मुद्रित केलेले नाद साठविलेले नसतात, स्वर जागच्या जागी घडविला जातो. म्हणून मुद्रित नादांचे संग्रह जसे गिगाबाइटांत मोजावे लागतात तसे येथे होत नाही, ही गोष्ट मोबाइलच्या डेटावर दिवस काढणाऱ्यांना महत्त्वाची आहे.

अडचण यंत्राच्या दर्शनी भागात आहे. संगीताच्या बहुतेक प्लगइनमध्ये बटणे, मुठी, आलेख ही सारी चित्रे असतात. निर्माता ती रंगवितो, पण 'ही मूठ फिल्टरची आहे, तिचे मूल्य अमुक आहे' हे संगणकाच्या मूळ प्रणालीला सांगत नाही. स्क्रीन रीडर तेथे पोचतो तेव्हा त्याला एक निनावी चौकट सापडते आणि तो गप्प बसतो. डोळस माणसाला दार उघडे दिसते, दृष्टिहीनाला भिंत लागते. ही भिंत कोणी मुद्दाम बांधली असे नाही. यंत्र घडविणाऱ्याच्या मनात 'वापरणारा' म्हणून जो माणूस होता त्यात हा माणूस नव्हताच, एवढेच. वगळले जाण्याची ही रीत आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. अशी प्लगइने ज्यावर बांधली जातात त्या जूस नावाच्या सामायिक चौकटीत २०२१ साली स्क्रीन रीडरची सोय आली. तरीही प्रत्येक मुठीला नाव देण्याचे काम शेवटी ज्याचे त्यालाच करावे लागते.

म्हणून 'फुकट' आणि 'सुलभ' या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत. व्हायटल हा २०२० साली आलेला सिंथेसायझर मूळ स्वरूपात विनामूल्य मिळतो, आवाज उत्तम, आणि यूट्यूबवर जो तो त्याचीच शिफारस करतो. पण त्याचे सारे वैभव पडद्यावर हलणाऱ्या आलेखांत आहे, आणि तेच दृष्टिहीनाच्या उपयोगाचे नाही.

माझे मत सर्ज एक्सटीकडे झुकते. हा मुळात विकाऊ सिंथेसायझर होता. २०१८ साली त्याच्या कर्त्याने त्याचा सबंध स्रोत मुक्त परवान्याखाली खुला केला आणि तेव्हापासून स्वयंसेवकांचा गट तो सांभाळतो. २०२२ साली त्यांनी त्यात स्क्रीन रीडरची सोय घातली. टॅबची कळ दाबीत एका मुठीवरून दुसरीवर जाता येते, बाणांच्या कळांनी मूल्य बदलता येते आणि प्रत्येक बदल बोलून दाखविला जातो. तयार स्वर दोन हजारांहून अधिक आहेत. मेनूतील 'वर्कफ्लो' या विभागात सुलभतेचे पर्याय आहेत, ते डोळस मित्राला बसवून पहिल्याच दिवशी चालू करून घ्यावेत. त्यातील 'स्ट्रिंग' हा ऑसिलेटर छेडलेल्या तारेचे गणित करतो. त्यातून तुणतुण्याच्या जवळ जाणारा नाद निघतो. हुबेहूब तुणतुणे नव्हे, पण त्याच्या कुळातला.

सिंथेसायझर एकटा पुरत नाही, त्याला ध्वनिमुद्रणाचे घर लागते. तेथे रीपर घ्यावे. साठ दिवस ते कोणत्याही कात्रीशिवाय वापरता येते, व्यक्तिगत परवाना ६० डॉलरचा आहे. आपल्याकडे ही रक्कम लहान नाही, पण चौघांनी मिळून लॅपटॉप चालवायचा तर झेपण्यासारखी आहे. त्याला ओसारा नावाची विनामूल्य जोड मिळते. ती रीपरचा कोपरा न् कोपरा बोलका करते, आणि मुकी प्लगइनेसुद्धा त्यांच्या मुठींच्या साध्या यादीतून काही प्रमाणात हाताळू देते. ओसारा सुरू करणारे जेम्स टेह हे एनव्हीडीएच्या दोन कर्त्यांपैकी एक. दुसरे मायकेल करन, ज्यांनी २००६ साली ते काम आरंभिले. दोघेही ऑस्ट्रेलियाचे आणि दोघेही दृष्टिहीन. महागड्या स्क्रीन रीडरच्या कंपन्यांकडे दयेची याचना करीत न बसता त्यांनी आपले साधन आपण घडविले.

एक खाचखळगा मात्र कोणी आधी सांगत नाही. कळ दाबल्यापासून स्वर कानी येईपर्यंत जो विलंब लागतो तो कमी करण्यासाठी विंडोजवर असिओ पद्धत सुचविली जाते. सेकंदाला ४४,१०० नमुने या गतीने १०२४ नमुन्यांचा साठा म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, आणि २५६ नमुन्यांचा म्हणजे जेमतेम ६. पहिला ठेक्याला अडखळवितो, दुसरा जाणवत नाही. परंतु लॅपटॉपच्या एकुलत्या साउंडकार्डावर असिओने कबजा केला की पुष्कळदा एनव्हीडीएचा आवाजच बंद पडतो, आणि दृष्टिहीन माणूस मधोमध अंधारात सापडतो. त्यापेक्षा रीपरमध्ये वासापी पद्धतीचा सामायिक प्रकार निवडावा. थोडा विलंब पत्करावा, पण बोलणारा सोबती गमावू नये. वाजविण्यासाठी नवी पट्टी विकत घेण्याची घाई नको. बॅंडवाल्याकडच्या जुन्या कॅसिओला यूएसबीचे तोंड असेल तर बहुधा तेवढ्यावर भागते.

हलगीचे काय, असे कोणी विचारील. त्या वाद्याला गावकीच्या सक्तीचा इतिहास चिकटलेला आहे आणि ते आपल्या गाण्यात असावे की नसावे यावर आपल्यात मतभेदही आहेत. पण असावे असे ज्यांस वाटते त्यांनी ती सिंथेसायझरातून काढण्याचा खटाटोप करू नये. तापवलेल्या चामड्याचा तो कडाका गणिताला साधत नाही. खरी हलगी मोबाइलवर, थोड्या अंतरावरून, मुद्रित करावी आणि रीपरमध्ये आणून बसवावी. सिंथेसायझराला खर्ज, आधारस्वर आणि मागचा भरणा एवढे काम द्यावे. कॅसेटच्या काळातील पुष्कळ गाण्यांत कीबोर्डने गायकालाच झाकून टाकले होते. शब्द ऐकू आले नाहीत तर ते भीमगीत कशाचे?

शेवटची गोष्ट सुरांची. संगणकाची पट्टी सप्तकाचे बारा सारखे भाग पाडते. आपला गायक तंबोऱ्यावर किंवा कानावर शुद्ध गांधार लावतो तो षड्जाच्या ५/४ पटीचा, म्हणजे सप्तकाचे १२०० सेंट धरले तर सुमारे ३८६ सेंटांवर. पट्टीचा गांधार असतो ४०० वर. हा चौदा सेंटांचा फरक दीर्घ आधारस्वरात खुपतो. सर्जमध्ये स्काला प्रकारची सुरावळीची फाइल घालून तो मोडता येतो. ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. प्रत्येक सुराची पट एकेका ओळीवर लिहिलेली, नोटपॅडमध्ये लिहिता येणारी आणि एनव्हीडीएला अथपासून इतिपर्यंत वाचता येणारी.