माकडं, डास आणि पिवळं कार्ड

केनियाची सफर करून मुंबईला उतरणाऱ्या प्रवाशाकडे विमानतळावरचे आरोग्य अधिकारी एक पिवळी पुस्तिका मागतात. पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, लस घेतल्याचा तो दाखला. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं. भारतीय पासपोर्ट असला तरी यातून सुटका नाही.

गंमत अशी की केनियाचा स्वतःचा नियम जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांसाठी आहे आणि भारत त्या यादीत बसत नाही. मुंबईहून थेट मसाई मारा बघायला निघालेल्याची खरी तपासणी होते ती घरी परतताना. त्याचं कारण प्रत्येक गच्चीवरच्या उघड्या टाकीत सापडतं. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डासच पीतज्वरही पसरवतो. डास आहे, दाट वस्ती आहे, लस न घेतलेली कोट्यवधी माणसं आहेत. फक्त विषाणू अजून इथे आलेला नाही. भारतात पीतज्वराचा एकही रुग्ण आजवर नोंदला गेलेला नाही. आशिया यातून का वाचला, याचं पटणारं उत्तर शास्त्रज्ञांनाही अजून मिळालेलं नाही.

डासाचा संशय क्यूबाच्या कार्लोस फिनले यांनी 1881 मध्ये मांडला आणि वॉल्टर रीड यांच्या पथकाने 1900 मध्ये तो सिद्ध केला. ही कथा पाठ्यपुस्तकांत सापडते. तिच्यापुढची फार कमी जणांना ठाऊक असते आणि तिच्यात भारतीय माकडं आहेत.

1920 च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनचं पथक पश्चिम आफ्रिकेत या रोगाचं मूळ शोधत होतं. प्रयोगासाठी आफ्रिकी माकडं घेतली, पण ती आजारीच पडेनात. पिढ्यान्‌पिढ्या विषाणूच्या सहवासात राहून ती निर्ढावली होती. मग आशियातली माकडं मागवण्यात आली. 1927 मध्ये आजच्या घानातल्या आसिबी नावाच्या तरुणाचं रक्त एका ऱ्हीसस माकडाला टोचलं आणि ते माकड दगावलं. आसिबी बरा झाला. शोध लागला, पण किंमत मोठी मोजावी लागली. पथकातले एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वरानेच गेले आणि पुढच्या वर्षी अक्रात याच रोगावर काम करणारे संशोधक हिदेयो नोगुची गेले.

ऱ्हीसस म्हणजे उत्तर भारतातल्या देवळांच्या आवारात हातातली केळी पळवणारं लाल तोंडाचं माकड. ते या विषाणूला इतक्या सहज बळी पडतं, हे त्या प्रयोगातून कळलं. म्हणजे धोका शहरापुरताही उरत नाही. विषाणू एकदा रानातल्या माकडांत शिरला, तर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेप्रमाणे तो तिथेच ठाण मांडून बसू शकतो आणि रानातून त्याला हुसकावून लावण्याचा उपाय कोणाकडेही नाही. भारताचा हा नियम अनेकांना जाचक वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो तसूभरही सैल करू नये.

आसिबीच्या रक्तातलाच विषाणू न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर यांच्या हाती आला. कोंबडीच्या गर्भातला मेंदू आणि मज्जारज्जू काढून टाकून उरलेल्या पेशींवर त्यांनी तो पुन्हा पुन्हा वाढवला, तोवर तो निवळत गेला. 1937 मध्ये 17डी ही लस जाहीर झाली आणि 1951 मध्ये थायलर यांना नोबेल मिळालं. आज जगात वापरली जाणारी पीतज्वराची प्रत्येक लस याच वंशातली आहे. ती अजूनही कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, म्हणून अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी ते आधीच सांगायचं.

मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयं, गोव्यात मुरगाव बंदर, अशा मोजक्याच अधिकृत केंद्रांवर ती मिळते. छोट्या कुपीच्या तळाशी फिकट पावडर असते. नर्स तिच्यात द्रावण सोडून कुपी हलक्या हाताने फिरवते आणि अर्धा मिलिलिटर दंडावर त्वचेखाली टोचते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि एकदा पातळ केलेली लस काही तासांतच वापरावी लागते. म्हणूनच ठरावीक वार असतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. दाखला लागू होतो दहा दिवसांनी, कारण शरीराला प्रतिकारशक्ती उभी करायला तेवढा अवधी लागतो. विलगीकरणाचे सहा दिवसही असेच ठरले आहेत. डास चावल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस जातात.

इतर लशींचे नियम थोडक्यात सांगायचे, तर हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस लागते. पोलिओचा प्रादुर्भाव असलेल्या काही देशांच्या प्रवासात पोलिओचा डोस लागतो. देवीचा दाखला 1980 च्या दशकाच्या आरंभी इतिहासजमा झाला.

पीतज्वराची भीती कागदावरचीच आहे, असं म्हणणाऱ्यांनी 2016 आठवावं. अंगोलात साथ भडकली आणि तिथून परतलेल्या 11 कामगारांमुळे पीतज्वर पहिल्यांदाच चीनमध्ये पोचला. तो पुढे पसरला नाही.

त्याच वर्षी 11 जुलैपासून हा दाखला दहा वर्षांऐवजी आयुष्यभरासाठी ग्राह्य झाला. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ते चालतं. मात्र आदिस अबाबाही जोखमीच्या देशात येतं, म्हणून तिथून भारतात परतण्याचं तिकीट काढणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विमान बदलताना विमानतळाच्या आतच थांबलात आणि आरोग्य अधिकाऱ्याची तशी खात्री पटली, तर सूट मिळते. पण रात्रीच्या मुक्कामाला शहरातल्या हॉटेलात गेलात, तर पिवळं कार्ड लागणारच.